फ्रेंच क्रियापदांचे उच्चार: कागदावर पाच रूपं, कानाला तीनच? सिलॅबल मोजायचे तरी कसे?

लेडीजडबा_डोंबिवली:

नमस्कार मंडळी, इथे कोणी फ्रेंच शिकणारं शिकवणारं आहे का? मी डोंबिवलीला राहते, रोज फोर्टला ऑफिस, आणि शनिवार-रविवार फ्रेंचचा क्लास. ए-वन झालं, आता डेल्फ ए-टू ही फ्रेंचची परीक्षा द्यायची आहे. क्रियापदांचे तक्ते मला रात्री झोपेतून उठवून विचारले तरी लिहून दाखवीन, पण बोलायला गेलं की अडते आणि ऐकताना तर माणूस एकाबद्दल बोलतोय की चौघांबद्दल हेच कळत नाही.

माझा गोंधळ नीट सांगते. (सगळं देवनागरीतच लिहितेय, स्पेलिंग सांगायचं असेल तिथे इंग्रजी अक्षरांची नावं घेते.) बोलणे या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं लिहिताना पाच वेगळी होतात, ऐकताना मात्र ज पार्ल (मी), त्यू पार्ल (तू), इल पार्ल (तो), मग नू पार्लों (आम्ही), वू पार्ले (तुम्ही), आणि शेवटचं अनेकवचन (ते) परत इल पार्ल. त्या शेवटच्याच्या शेपटीला ई-एन-टी आहे. मी वर्गात ते "पार्लां" वाचलं, कारण "बऱ्याचदा" या अर्थाच्या सुव्हां शब्दात तेच ई-एन-टी "आं" होतं ना! मॅडम म्हणाल्या ते म्यूट, म्हणजे बोलायचं नाही, आणि पुढे गेल्या, बॅचमध्ये वेळच नसतो.

दुसरं, आमच्या पुस्तकात मागे शब्द तोडून दाखवलेत. तिथे पार-ल असे दोन तुकडे. ऑडिओत मात्र एकच झटका, पार्ल. आणि एका ऑडिओत बाई "ज पार्ल-अ फ्रांसे" असं बोलल्या, तिथे तो दुसरा तुकडा ऐकू आलाच! मग खरं काय?

तिसरं, भविष्यकाळ. देणे या क्रियापदाचं "मी देईन" ते दॉन-रे, दोनच तुकडे. "मी बोलेन" मात्र पार-ल-रे, तीन. स्पेलिंग दोन्हीकडे एकाच साच्यातलं, मधला ई दोन्हीकडे आहे.

आणि बोलावणे, त्यात "मी" ला दोन एल आणि "आम्ही" ला एकच एल, हे कशासाठी? प्लीज "पाठ कर, होईल सवयीने" एवढं नका सांगू, पाठ आहे, कारण हवंय.

पार्ल्याची_फ्रेंचवाली:

अगं डोंबिवली, तुझे चारही प्रश्न आतून एकाच धाग्याचे आहेत. मी विलेपार्ल्यात गेली अठरा वर्षं घरी फ्रेंच शिकवते आणि पहिल्या दिवशी मुलांना सांगते की आपल्या स्टेशनचं नाव नुसतं "पार्ले" म्हणा, झालं, एक क्रियापद आलं! बोलणे हे मूळ रूप, "तुम्ही बोलता" हे रूप आणि "बोललो" मधलं कृदन्त, तिन्हींची स्पेलिंगं वेगळी, उच्चार एकच, पार्ले. (र मात्र जिभेच्या टोकाचा नाही, घशाकडून, ग़ च्या जवळचा.)

आता ई-एन-टी. क्रियापदाच्या "ते/त्या" रूपाची ती खूण आहे, फक्त डोळ्यांसाठी उरलेली. जुन्या फ्रेंचमध्ये तो टी बोलला जायचा, मग शतकांच्या ओघात शब्दाशेवटची व्यंजनं एकेक करून गळली, लिहिणं तिथेच राहिलं. नाम, विशेषण, क्रियाविशेषण असेल तर मात्र तेच ई-एन-टी "आं" होतं. फ्रेंच शाळांमध्ये यासाठी एक जुनं वाक्य आहे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात, त्यात मठ आणि उबवतात या दोन शब्दांचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखं, पण मठ म्हणजे कूव्हां आणि उबवतात म्हणजे नुसतं कूव्ह. तसंच "अध्यक्ष" प्रेझिदां आणि "ते अध्यक्षपद भूषवतात" इल प्रेझिद. म्हणून ई-एन-टी दिसलं की आधी बघायचं, करणारं कोण आहे वाक्यात? ते "ते/त्या" रूपाचं क्रियापद असेल तर गप्प.

सिलॅबलचं, म्हणजे एका झटक्यात बोलल्या जाणाऱ्या तुकड्याचं सांगते. फ्रेंच बोलताना सिलॅबल मोजायचे ते स्वर मोजून, आणि स्वर म्हणजे तोंडातून निघणारा, कागदावरचा नव्हे. पार्ल मध्ये तोंडातून निघणारा स्वर एकच, आ. म्हणून एकच सिलॅबल. पुस्तकातलं पार-ल हे लिहिण्यातलं विभाजन आहे, त्यात मुका ई (लिहितात पण एरवी बोलत नाहीत तो) पण एक घर धरतो. दोन्ही बरोबर, पण मोजमापं वेगळी आहेत आणि तुझ्या पुस्तकाने ते स्पष्ट लिहायला हवं होतं.

आणि फ्रेंच सिलॅबलला उघडं राहायला आवडतं, म्हणजे स्वरावर संपायला. मध्ये एक व्यंजन आलं की ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन आली तर तुटतात, पार-लों. पण दुसरं व्यंजन र किंवा ल असून आधी प, ब, त, द, क, ग, फ, व यातलं एखादं असेल तर ती जोडी फुटत नाही. दाखवणे हे क्रियापद मों-त्रे, "मोंत-रे" नाही.

हे शब्दाच्या सीमेवर पण चालतं बरं का. तू सांगणार "मी डोंबिवलीला राहते". कागदावर क्रियापद "आबित" आणि पुढे सुटं "आ". तोंडात मात्र जा-बी-ता-दोंबिवली. क्रियापदाचा शेवटचा त उठून पुढच्या शब्दात जाऊन बसला. तू प्रत्येक शब्दापाशी थांबतेस म्हणून अडतेस, आणि ते थांबत नाहीत म्हणून तुला ऐकताना शब्दांच्या कडा सापडत नाहीत. तक्त्यातलं क्रियापद एकटं उभं असतं, वाक्यातलं कधीच एकटं नसतं.

रात्रपाळी_मालाड:

मॅडमनी सांगितलं ते सोळा आणे खरं. मी चार वर्षं फ्रेंच प्रोसेसला होतो मालाडला, रात्रभर फ्रान्सचे कॉल, तेव्हा जे कळलं ते सांगतो ताई. एकतर "नू पार्लों" तुम्हाला फोनवर फारसं ऐकूच येणार नाही, ते "आपण/आम्ही" साठी सरळ "ऑं पार्ल" म्हणतात, म्हणजे सहातल्या पाच ठिकाणी तेच पार्ल, एकटं "वू पार्ले" वेगळं. त्यामुळे क्रियापदाच्या शेपटीकडे कान लावून बसायचंच नाही, कान लावायचा तो क्रियापदाच्या पुढे उभ्या असलेल्या छोट्या शब्दाकडे, कारण माणूस कोण ते तिथे कळतं.

एक-अनेकचा प्रश्न होता ना तुमचा. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर नशीब, तिथे ऐकू येतं. "त्याला आवडतं" इ-लेम, "त्यांना आवडतं" इल-झेम. तो झ ऐकू आला की अनेक. "त्यांच्याकडे आहे" इल-झों आणि "ते आहेत" इल-सों, यात झ आणि स एवढाच फरक, आणि मी सुरुवातीला एका कस्टमरचं "त्यांच्याकडे आहे" हे "ते आहेत" असं ऐकून पूर्ण तक्रार चुकीची नोंदवली होती, परत कॉल करून माफी मागितली, तेव्हापासून तो झ मी विसरलो नाही.

आणि ज चं काय होतं ते पण ऐकून ठेवा. ज च्या पुढे प, त, क, स आलं की मधला ई पडतो आणि ज चा श होतो. "ज पार्ल" चं श्पार्ल. "मी आहे" हे पुस्तकात ज-सुई, फोनवर श्वी. "मला माहीत नाही" पुस्तकात ज-न-से-पा, चार सिलॅबल, फोनवर शे-पा, दोन. परीक्षेत असं बोला असं मी म्हणत नाही, पण ऐकताना माहीत नसेल तर वाटतं हे कुठलं क्रियापद काढलं यांनी.

लेडीजडबा_डोंबिवली:

बापरे, जा-बी-ता-दोंबिवली हे मी आत्ता किचनमध्ये पाच वेळा म्हणून बघितलं, पहिल्यांदाच ते न अडता गेलं! थँक्यू दोघांनाही. पण दॉन-रे आणि पार-ल-रे राहिलंच की. आणि दोन एल.

गिरगावचा_मुद्रितशोधक:

मी फ्रेंचचा विद्यार्थी आहे, शिक्षक नाही, पोटासाठी मराठी प्रुफं तपासतो. पण तुमच्या दोन एलचं उत्तर मला फ्रेंच व्याकरणात सापडलं नाही, मराठीत सापडलं, म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आपलं "विसर" हे क्रियापद घ्या. तू विसर. मोठ्याने म्हणा. वि-सर. आता तुम्ही विसरा. विस-रा! "वि-स-रा" असं कोणी म्हणत नाही. स मधला अ कुठे गेला? पुढे आ आला, त्याने र ओढून घेतला, स मागच्या घरात ढकलला गेला आणि त्याचा अ पडला. आता भविष्यकाळ, विसरणार. वि-सर-णार. अ परत आला! कारण आता र च्या पुढे स्वर नाही, ण आहे, र ला मागेच बसावं लागतं. तीन रूपं, तीन वेगळी विभाजनं, आणि आपल्याला हे कोणी शिकवलं नाही, लिहिताना दिसतही नाही, कारण देवनागरी अ ला चिन्हच देत नाही. उतर-उतरा-उतरणार, समज-समजा-समजणार, सगळीकडे तेच.

आता फ्रेंच. मी बोलावतो, आ-पेल. आम्ही बोलावतो, आप-लों. तो बोलावेल, आ-पेल-रा. विसर, विसरा, विसरणार. हुबेहूब! विकत घेणे घ्या, आ-शेत, आश-तों, आ-शेत-रा. तसंच.

फरक एवढाच की आपला अ परत आला तर अ म्हणूनच येतो, फ्रेंचांचा मुका ई बंद (व्यंजनावर संपणाऱ्या) सिलॅबलमध्ये परत यायचा तर त्याला रंग घेऊन, स्पष्ट ए होऊन यावं लागतं, कारण मुका ई बंद घरात जोर पेलू शकत नाही. आणि तो रंग कागदावर दाखवायच्या दोन पद्धती त्यांनी ठेवल्या. काही क्रियापदांत पुढचं व्यंजन दुप्पट करायचं, म्हणून बोलावणे मध्ये दोन एल. बाकीच्यांत ई वर उलटी तिरकी रेघ द्यायची, म्हणून विकत घेणे मध्ये रेघ. म्हणजे तो जास्तीचा एल बोलायचा नाहीच, तो फक्त सांगतो की आधीचा ई इथे जागा आहे. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणांत त्यांनी यातली बरीच क्रियापदं रेघेच्या पद्धतीकडे नेली, बोलावणे आणि फेकणे ही दोन आणि त्यांच्यापासून झालेली सोडून, कारण ही दोन लोकांच्या हातात फार बसली होती. जुनी पद्धतही चालते. आपल्याकडे 1962 साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी "करतों", "नाहीं", "घरें" यावरचे न बोलले जाणारे अनुस्वार गेले, त्याची मला इथे फार आठवण होते. मी अजूनही जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या तपासताना ते अनुस्वार काढतो आणि प्रत्येक वेळी वाटतं की एके काळी हे कोणाच्या तरी तोंडात होते. फ्रेंचने असली अक्षरं बहुतेक तशीच ठेवली.

आता तुमचं दॉन-रे आणि पार-ल-रे. मोरिस ग्रामों नावाचे फ्रेंच ध्वनिशास्त्रज्ञ होते, त्यांनी मांडलेला तीन व्यंजनांचा नियम आहे. मुका ई पडल्याने तीन व्यंजनं एकावर एक येणार असतील तर तो पडत नाही. देणे मध्ये ई पडला तर न आणि र, दोनच, पडू दे. बोलणे मध्ये पडला तर र, ल, र अशी तीन, म्हणून तो मध्ये उभा राहतो. "मी बघेन" हे र-गार-द-रे, चार, कारण र, द, र. "मी विचारेन" हे द-मांद-रे, तीन, कारण द च्या आधी व्यंजन नाही, नाकातला स्वर आहे. हे कळल्यावर भविष्यकाळाचा तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही. तुमच्या त्या ऑडिओतल्या बाई "पार्ल-अ फ्रांसे" का म्हणाल्या, तर तेच, र, ल, मग फ आणि र, सलग चार! तिथे बऱ्याच जणांच्या तोंडून तो ई डोकावतो. आणि बाई दक्षिण फ्रान्सच्या, मार्सेलच्या बाजूच्या असतील तर त्या एरवीही पार-ल असं दोन तुकड्यांत म्हणतील, तिकडे मुका ई तितका मुका नाही.

(जाता जाता, आपल्या "अक्षर" या शब्दाने फार घोळ होतो. छापखान्यात अक्षर म्हणजे टाइप, वृत्तात अक्षर म्हणजे सिलॅबल. म्हणून मी पण इथे सिलॅबलच लिहिलं.)

पार्ल्याची_फ्रेंचवाली:

काका, विसर-विसरा-विसरणार! अठरा वर्षांत मला हे सुचलं नाही, उद्यापासून वर्गात वापरणार, तुमची परवानगी गृहीत धरते.

यात एकच भर घालते. ग्रामोंचा नियम जिथे पुरत नाही अशी एक जागा आहे. "आम्ही देऊ" हे दॉन-रों, ई पडला. पण "आम्ही दिलं असतं" या रूपात र नंतर य येतो, आणि र्य अशा जोडीच्या आधी ई राहतोच, दॉ-न-र्यों, तीन. मुलं इथे हमखास "दॉन-र्यों" करतात.

आणि ते अपूर्ण भूतकाळाचं य. "आम्ही बोलत होतो" पार-ल्यों, दोन सिलॅबल, कारण इ स्वर राहत नाही, य होऊन ल ला चिकटतो. पण आधी प्ल, ब्र, त्र, द्र अशी जोडी असेल तर य ला चिकटायला जागा नसते, म्हणून इ पूर्ण राहतो आणि वर य पण येतो. "तुम्हाला हवं असतं" हे वू-द्रि-ये. तीन.

कल्याणचा_अकरावी:

मॅम एक डाउट. मी कॉलेजला मार्कांसाठी फ्रेंच घेतलंय, बोलायला कोणी सांगतच नाही, सगळं लेखी. पण टेस्टमध्ये शब्द तोडा म्हणून आलं होतं, "आम्ही संपवतो" मी फि-नि-सों तोडला कारण ऐकू तसंच येतं, तर चूक दिलं, दोन एस मधून तोडायचं म्हणे. आता इथे सगळे म्हणतायत तोंडाने मोजा. मग मार्क कोण देणार?

पार्ल्याची_फ्रेंचवाली:

बाळा, तुझं ऐकणं बरोबर आणि पेपर तपासणाऱ्यांचंही बरोबर. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर दोन सारखी व्यंजनं मधून तुटतात, एक एस या ओळीत, एक पुढच्या. हा छपाईचा नियम. तोंडात मात्र दोन एस मिळून एकच स असतो आणि तो पुढच्या सिलॅबलचा. प्रश्नात "लेखी विभाजन" की "उच्चारातलं" हे लिहिलेलं नसेल तर विचारून घे, तो तुझा हक्क आहे.

आणि "संपवणे" वरून एक आठवलं, डोंबिवली, तुझ्या एक-अनेक प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. पार्ले सारखी क्रियापदं दहातली नऊ आहेत, तिथे एक आणि अनेक सारखंच. पण उरलेल्या दहाव्यात, जी रोज लागतात, अनेकवचनात एक व्यंजन जागं होतं. तो संपवतो फि-नि, ते संपवतात फि-निस. तो निघतो पार, ते निघतात पार्त. तो वाचतो ली, ते वाचतात लीझ. तो लिहितो ए-क्री, ते लिहितात ए-क्रीव्ह. इल हे दोघांनाही सारखंच, त्यामुळे शेवटचं व्यंजन हाच पुरावा, ते खाऊ नकोस. आपण मराठी लोक शेवटचं व्यंजन स्वच्छ बोलतो, त्यात आपला फायदा आहे. त आणि द पण आपले दातांचेच, त्यांचेही दातांचेच. इंग्रजीतून आलेली मुलं ट-ड करतात, तू नको करू.

मालवणी_लालबाग:

मॅडम, नाकातल्या स्वरांबद्दल मी सांगू का, कारण त्यात माझं पहिल्या दिवसापासून कौतुक झालं आणि कारण आमच्या आजीच्या बोलण्यात आहे. आमच्यात विचारतात "खंय?" "थंय". त्यात न पण नाही म पण नाही, जीभ कुठेच टेकत नाही, स्वरच नाकातून जातो. पार्लों मधला ओं अगदी तसाच घ्यायचा. क्लासमधली बाकीची मुलं "पार्लोन" किंवा "पार्लोंग" म्हणायची, शेवटी जीभ टेकवायची. ओठ गोल करून ओ सुरू करा, अर्ध्यात नाक उघडा, आणि तिथेच थांबा, काही बंद करू नका.

आणि गंमत बघा, जिथे अनेकवचनात न खरोखर बोलला जातो तिथे नाकातला स्वर निघून जातो. तो येतो, व्यॅं. ते येतात, व्येन. तो घेतो, प्रां. ते घेतात, प्रेन. नाक किंवा न, दोन्ही एकदम नाही. माझी मुलगी दुसरीत आहे, तिला पण हे येतं आता, आम्ही दोघी लोकलमध्ये खेळतो, मी एक म्हणते ती अनेक सांगते.

गिरगावचा_मुद्रितशोधक:

मालवणीताईंचं व्यॅं-व्येन वाचून राहवत नाही. "तो येतो" व्यॅं पण "आम्ही येतो" व-नों. "मी मरतो" मर (ओठ गोल करून), "आम्ही मरतो" मू-रों. "मी पितो" ब्वा, "आम्ही पितो" ब्यू-व्हों. लोक याला अनियमित म्हणून सोडून देतात. पण हे सगळं जोर कुठे पडायचा त्यावरून आलंय. लॅटिनच्या काळात "मी" रूपात जोर धातूवर होता, "आम्ही" रूपात प्रत्ययावर, आणि जोराखालचा स्वर एका वाटेने बदलला, बिनजोराचा दुसऱ्या वाटेने. आपलंच बघा ना, तू ऊठ, तुम्ही उठा. तू शीक, तुम्ही शिका. प्रत्यय लागला की धातूचा स्वर आखडतो. कारण वेगळं असेल, पण हाताला जाणवणारी गोष्ट तीच आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये तर बोलणे सुद्धा असंच होतं, "तो बोलतो" पारोल आणि "आम्ही बोलतो" पार्लों! नंतर लोकांनी ते सपाट करून सगळीकडे पार्ल केलं. "शब्द, बोलणं" या अर्थाचं पारोल हे नाम मात्र आजही आहे.

आणि मुक्या ई ला कुठे मान मिळतो ते सांगतो, मग थांबतो. कवितेत. फ्रेंचांचा बारा सिलॅबलचा जो मोठा छंद आहे, मध्ये सहावर यती (थांबा), त्यात पुढे व्यंजन असेल तर मुका ई मोजतात, पुढे स्वर आला तर तो विरतो, आणि ओळीच्या शेवटी असेल तर मोजत नाहीत. म्हणजे "इल पार्ल" नंतर व्यंजन आलं तर पार-ल दोन. आणि अनेकवचनाच्या ई-एन-टी ला तर जुन्या छंदात पुढे स्वर आला तरी मोजतात, कारण मध्ये टी उभा आहे. बोलण्यात मेलेला टी छंदात अजून पहारा देतो! आपल्या मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार मोजताना "राम" दोन धरतो, राऽ-मऽ, बोलताना एक झटका असला तरी. वारकरी भजनात तो म पूर्ण म्हटला जातो. म्हणून तुमच्या पुस्तकातलं पार-ल मला खोटं वाटत नाही, ते गाण्याचं विभाजन आहे.

लेडीजडबा_डोंबिवली:

मी काल रात्री आणि आज जाताना-येताना दोन्ही वेळा हे सगळं परत वाचलं. दादर येईपर्यंत तोंडातल्या तोंडात विसर-विसरा-विसरणार, आ-पेल, आप-लों, आ-पेल-रा चाललं होतं, बाजूच्या काकूंनी विचारलं स्तोत्र आहे का, त्यांना पण सांगितलं, त्या म्हणाल्या खरंच की गं, विस-रा म्हणतो आपण.

तक्ता आता नव्याने लिहिला, वहीचं पान उभं दुमडून डावीकडे स्पेलिंग आणि उजवीकडे फक्त जे तोंडातून निघतं ते, सिलॅबल तोडून. डावीकडे सहा ओळी भरल्या, उजवीकडे पार्ल एकदाच लिहून चार ओळींना कंस केला. मॅडम तपासून द्याल का? "फेकणे": मी जेत, आम्ही ज-तों, तो फेकेल जेत-रा. "करणे" मध्ये "आम्ही करतो" फे-झों. "आम्ही विसरतो" ऊ-ब्ल्यों.

पार्ल्याची_फ्रेंचवाली:

फेकणे तिन्ही बरोबर, शाबास. नू ज-तों भरभर म्हटलंस तर ज चा ई पण पडेल आणि नुश-तों ऐकू येईल, रात्रपाळी म्हणतात तसं, पण परीक्षेत ज-तों ठेव.

करणे मध्ये फसलीस, स्पेलिंगमध्ये ए-आय आहे म्हणून तू फे केलंस. तिथे मुक्या ई सारखाच उच्चार होतो, फ-झों. "मी करत होते" पण फ-झॅ. ए-आय चा असा उच्चार इतर क्रियापदांत शोधू नकोस, हे याच एकाचं लाडकं आहे. "तुम्ही करता" मात्र फेत, तिथे ए पूर्ण आहे.

आणि विसरणे परत म्हण. ब-ल जोडी आहे, पुढे इ आहे. वू-द्रि-ये आठव.

लेडीजडबा_डोंबिवली:

ऊ-ब्लि-यों. तीन.

पार्ल्याची_फ्रेंचवाली:

आता "आम्ही" लावून, एका श्वासात.

लेडीजडबा_डोंबिवली:

नू-झू-ब्लि-यों. चार!